शिंका सुरू झाल्या म्हणून मांजर पोत्यात?

‘घरात मांजर आहे? मग ते आधी बाहेर काढा.’ पस्तिशी-चाळिशीत अचानक सुरू झालेल्या शिंका, चोंदलेलं नाक आणि चुरचुरणारे डोळे घेऊन दवाखान्यात गेलेल्या मांजरवाल्यांना हा सल्ला फार लवकर मिळतो. घरच्या थोरामोठ्यांनी तो त्याआधीच दिलेला असतो, शेजाऱ्यांनीही दिलेला असतो. त्वचेची चाचणी झालेली नसते, रक्त तपासलेलं नसतं. निर्णय मात्र झालेला असतो.

दुसऱ्या बाजूला मांजरावर जीव लावलेली माणसं असतात. त्यांना हे निदानच मान्य नसतं. ‘इतकी वर्षं हे उशाशी झोपतंय, तेव्हा काही झालं नाही, मग आत्ताच कसं होईल?’ असं ती विचारतात आणि औषधाच्या दुकानातून सिट्रिझिनची पट्टी आणून रोज रात्री एक गोळी घेत राहतात. पहिल्यांना वाटतं, मांजर गेलं की आजार गेला. दुसऱ्यांना वाटतं, ॲलर्जी असती तर पहिल्या दिवशीच कळली असती. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दोन्हींची किंमत माणूस आणि प्राणी दोघांनाही मोजावी लागते.

ॲलर्जी पहिल्या भेटीत होत नाही. शरीराची आधी त्या पदार्थाशी ओळख व्हावी लागते. एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शरीर शत्रू समजू लागलं की त्याच्याविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं तयार होतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत काम करणाऱ्या किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दाम्पत्याने आणि त्याच सुमारास स्वीडनमधल्या संशोधकांनी ती शोधली. ही प्रतिपिंडं नाकाच्या, डोळ्यांच्या, श्वासनलिकेच्या आतल्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की त्या पेशी हिस्टामिन सोडतात आणि शिंका, पाणी, खाज सुरू होते. ही तयारी काही आठवड्यांत होते, कधी तिला वर्षानुवर्षं लागतात. तोवर माणूस अगदी ठणठणीत असतो. म्हणून ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद ॲलर्जीच्या बाबतीत काहीच सिद्ध करत नाही.

वर्षानुवर्षांच्या सहवासानंतर शरीर उलटतं, हे महाराष्ट्राला तरी नवं वाटायला नको. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, भारतात प्रथम नोंदलं गेलं ते पुण्यात, १९५०च्या दशकात. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं मानलं जातं. पुढे या गवतामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे रुग्ण पुणे परिसरात मोठ्या संख्येने दिसू लागले. चेहरा, मान, कोपराच्या घड्या अशा उघड्या जागी खाज आणि चट्टे घेऊन आलेल्या या रुग्णांत शेतात राबणारी प्रौढ माणसं अधिक होती. त्याच बांधावर, त्याच गवतात वावरूनही त्यांना आधी काही झालेलं नव्हतं. तिथे शरीराची प्रक्रिया वेगळी असते. आयजीईचा त्यात संबंध नसतो, ती उशिरा येणारी, त्वचेतल्या पेशींमार्फत होणारी ॲलर्जी आहे. पण वय वाढल्यावर, ओळखीच्याच गोष्टीची ॲलर्जी होऊ शकते, एवढं त्यातून स्पष्ट दिसतं. प्रयोगशाळेत उंदीर हाताळणाऱ्यांनाही ती नोकरीला लागल्यानंतर होते, तीसुद्धा भर तारुण्यात.

मांजराच्या बाबतीत याचा थेट अभ्यास झालेला आहे. युरोपात सुमारे ६,३०० प्रौढांची नऊ वर्षांच्या अंतराने दोनदा रक्ततपासणी झाली आणि इटलीतल्या व्हेरोना इथल्या मारिओ ऑलिव्हिएरी यांच्या गटाने २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सुरुवातीला या माणसांच्या रक्तात मांजराविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती. मधल्या काळात ज्यांनी नव्याने मांजर आणलं, त्यांच्यात ती तयार होण्याचा धोका मांजर नसलेल्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. ज्यांना आधीपासून दमा, नाकाची ॲलर्जी किंवा इसब होतं, त्यांना तो अधिक होता. लहानपणी घरात मांजर असलेल्यांना मात्र काहीसं संरक्षण मिळालेलं दिसलं. आणि झोपण्याच्या खोलीत मांजराला मोकळीक आहे की नाही, याने बराच फरक पडत होता.

दुप्पट हा शब्द ऐकून घाबरायचं कारण नाही. नव्याने मांजर आणलेल्या बहुसंख्य लोकांच्या रक्तात काहीच बदल झाला नाही. शिवाय प्रतिपिंडं सापडली म्हणजे आजार झालाच असंही नाही. चाचणी ‘पॉझिटिव्ह’ असून एकही शिंक न येणारी माणसं भरपूर असतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाचे थॉमस प्लॅट्स-मिल्स यांनी शाळकरी मुलांच्या अभ्यासातून दाखवलं, की मांजराचा खूप सहवास असलेल्या काही मुलांचं शरीर वेगळ्या प्रकारची प्रतिपिंडं बनवतं आणि मांजराला सरावतं. एकाच घरात एका भावाला मांजर चालतं आणि दुसऱ्याला चालत नाही, ते यामुळेही असू शकतं.

आता गुन्हेगार कोण? आपल्याकडे सगळा राग मांजराच्या केसांवर काढला जातो. मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. त्यात सत्याचा अंश आहे, पण बोट चुकीच्या ठिकाणी ठेवलेलं आहे. खरा त्रास देतं ते ‘फेल डी १’ नावाचं प्रथिन. मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत ते तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते, तिचे आणि कोंड्याचे अतिसूक्ष्म कण हवेत उडतात. त्यातले बरेचसे इतके बारीक असतात की ते तासन्‌तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर खोल फुप्फुसापर्यंत पोचतात. कपड्यांना, गाद्यांना, पडद्यांना ते चिकटतात. केस गळणारं मांजर असो की आखूड केसांचं, फेल डी १ सगळीच बनवतात. म्हणून ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून जी महागडी पिल्लं विकली जातात, त्यांच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. काही मांजरं हे प्रथिन कमी बनवतात, काही जास्त. हा फरक एकाच जातीतही असतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सर्वाधिक असतं आणि नसबंदीनंतर कमी होतं, हे मात्र पक्कं.

घरंही बदलली आहेत. गावाकडचं मांजर माळ्यावर, चुलीपाशी, अंगणात, शेजारच्या चार घरांत वावरायचं. त्याला दूध-भाकरी मिळायची, पण अंथरुणात जागा क्वचित. आताचं शहरातलं मांजर सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, खिडकीला जाळी लावून, जन्मभर आत राहतं. हे त्याच्या जिवासाठी योग्यच आहे. पण उन्हाळ्यात एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या बेडरूममध्ये, जाड गादीवर आणि कापडी सोफ्यावर तेच प्रथिन साठत राहतं आणि माणूस रात्रीचे सात-आठ तास त्यातच श्वास घेतो. लहानपणी मांजराला हात न लावलेली कितीतरी माणसं नोकरी लागल्यावर, एकटं राहताना पहिल्यांदा मांजर आणतात. युरोपातल्या अभ्यासाने ज्यांना सावध केलं, ती नेमकी हीच माणसं.

मात्र शिंका येतात आणि घरात मांजर आहे, एवढ्यावरून मांजराची ॲलर्जी ठरत नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत घराघरांत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. गाद्या-उशा हे त्यांचं माहेरघर. पावसाळ्यात भिंतींना बुरशी येते, स्वयंपाकघरात झुरळं असतात, घाटावर परागकणांचे आणि गाजर गवताचे हंगाम असतात. यातल्या कशानेही सकाळच्या शिंका, चोंदलेलं नाक आणि रात्रीचा खोकला येऊ शकतो. अशा वेळी मांजर सोडून दिलं आणि त्रास धुळीतल्या किड्यांचा निघाला, तर घरातला एक जीव गेला आणि शिंका तशाच राहिल्या. त्वचेवर थेंब ठेवून हलकं टोचून करायची चाचणी पंधरा-वीस मिनिटांत दिशा दाखवते. रक्तातल्या विशिष्ट आयजीईची चाचणीही होते. तिचा अर्थ लावायला लक्षणांची नीट हकीकत लागते: त्रास कधी होतो, कुठल्या खोलीत वाढतो, गावाला गेल्यावर कमी होतो का. ही हकीकत विचारायला दोन मिनिटं पुरत नाहीत. डॉक्टरांनी पुरेसा वेळ द्यायला हवा आणि रुग्णानेही तो मागून घ्यायला हवा.

निदानाच्या जागी गोळीने भागवण्याची सवय आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. सिट्रिझिन किंवा लिव्होसिट्रिझिन शिंका आणि खाज थांबवते, पण श्वासनलिकेतली सूज ती बरी करत नाही. नाक बारा महिने चोंदत असेल तर त्यावर मुख्य उपचार हा नाकात मारायच्या स्टिरॉइड फवाऱ्याचा आहे. ‘स्टिरॉइड’ शब्दाला भिऊन लोक तो टाळतात आणि गोळ्या वाढवत नेतात. मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसिट्रिझिन एकत्र असलेली गोळी तर अनेक घरांत खोकल्याच्या बाटलीच्या शेजारीच सापडते. मॉन्टेलुकास्टमुळे काहींना झोपेचे, मनःस्थितीचे गंभीर त्रास होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. आणि नाकाच्या सौम्य ॲलर्जीसाठी, दुसरं औषध लागू पडत असेल तर, ही गोळी टाळा असं सांगितलं. आपल्याकडे ती कुणाच्याही सांगण्यावरून, महिनोन्‌महिने घेतली जाते. मांजर ठेवण्यासाठी अशा गोळ्यांची सवय लावून घेणं हे प्रेमाचं लक्षण मानलं जात असेल, तर ते मानणं थांबवायला हवं.

आता पहिल्या सल्ल्याकडे येऊ. मांजर घराबाहेर काढलं तर काय होतं? १९८९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुड आणि सहकाऱ्यांनी मांजर काढून टाकलेल्या घरांतली धूळ तपासत ठेवली. बहुतेक घरांत प्रथिनाची पातळी मांजर नसलेल्या घराइतकी खाली यायला २० ते २४ आठवडे लागले, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. म्हणजे सोमवारी मांजर दिलं आणि पुढच्या सोमवारी नाक मोकळं झालं, असं होत नाही. मांजर देऊन महिन्याभरात ‘फरक पडला का’ हे ठरवणारे डॉक्टर आणि रुग्ण दोघंही चुकीचा निष्कर्ष काढतात.

शिवाय हे प्रथिन कपड्यांवर बसून फिरतं. अमेरिकेत ८३१ घरांचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, तेव्हा ९९.९ टक्के घरांत फेल डी १ सापडलं. त्यातल्या जेमतेम निम्म्या घरांत कुत्रा किंवा मांजर होतं. स्वीडनमध्ये २००१ साली दिसलं, की मांजराची ॲलर्जी असलेल्या दमेकरी मुलांचा त्रास शाळा सुरू झाल्यावर वाढत होता, आणि ज्यांच्या वर्गात घरी मांजर असलेली मुलं जास्त होती, त्यांचा तर अधिकच. त्यांच्या स्वतःच्या घरी मांजर नव्हतं. हा मजकूर वाचून कुणी वर्गातल्या मांजरवाल्या मुलांकडे बोट दाखवू नये. सांगायचं ते इतकंच, की प्राणी हाकलला म्हणजे उपचार झाला, हे समीकरण खोटं आहे.

मग करायचं काय? सगळ्यात साधा आणि बिनपैशाचा उपाय बहुतेक मांजरवाल्यांना सगळ्यात जड जातो: झोपण्याच्या खोलीचं दार मांजराला कायमचं बंद. आजपासून. पहिले काही दिवस ते दार ओरबाडेल, ओरडेल, मन कासावीस होईल. पण रात्रीचे सात-आठ तास शरीराला उसंत मिळाली, तर दिवसाचा सहवास कित्येकांना झेपतो. खोलीतला गालिचा काढावा, जाड पडदे उतरवावेत, चादरी-अभ्रे गरम पाण्यात धुवावेत, केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घ्यावं, मांजराला कुरवाळल्यावर हात धुवावेत आणि चेहऱ्याला लावू नयेत. लिटर बॉक्स साफ करायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्यावं. मांजराला आंघोळ घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिचा परिणाम आठवडाभरही टिकत नाही आणि मांजराचे हाल होतात. हवा गाळणारी महागडी यंत्रं कणांचं प्रमाण कमी करतात, पण माणसाची लक्षणं त्याने किती कमी होतात याचे अभ्यास परस्परविरोधी आहेत. आधी दार बंद करावं, यंत्राचा विचार नंतर.

नव्या संशोधनाने आशा वाढवली आहे. कोंबडीच्या अंड्यातून मिळणारी प्रतिपिंडं मिसळलेलं मांजराचं खाणं पुरिना कंपनीने २०२० मध्ये बाजारात आणलं. ती प्रतिपिंडं मांजराच्या तोंडातच फेल डी १ला निष्प्रभ करतात, आणि कंपनीच्याच अभ्यासानुसार तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरचं सक्रिय प्रथिन सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होतं. हा अभ्यास विकणाऱ्याचा आहे हे लक्षात ठेवावं, आणि निम्मं कमी म्हणजे नाहीसं नव्हे हेही. माणसासाठी इम्युनोथेरपी हा जुना मार्ग आहे. लंडनच्या लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये परागकणांच्या ॲलर्जीसाठी त्याची सुरुवात केली. ज्याची ॲलर्जी आहे तेच अगदी थोड्या, वाढत्या मात्रेत टोचत जायचं, साधारण तीन ते पाच वर्षं. हे काम तज्ज्ञाच्याच देखरेखीखाली व्हायला हवं आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबायला हवं, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. दमा आटोक्यात नसताना तर ते सुरूच करता येत नाही.

दम्याशी येऊन सगळी तडजोड थांबते. शिंका, पाणावलेले डोळे, अंगावर उठलेलं पित्त यांच्याबरोबर जगता येतं. पण मांजराजवळ गेल्यावर छातीत घरघर होत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, जिना चढताना नव्याने धाप लागत असेल, तर तो दमा असू शकतो, आणि दम्याने माणसं मरतात. एकोणिसाव्या शतकात लंडनचे डॉक्टर हेन्री हाइड साल्टर यांनी दम्यावरच्या आपल्या ग्रंथात मांजरामुळे उसळणाऱ्या दम्याची नोंद केली. ते स्वतः लहानपणापासून दमेकरी होते. दीडशेहून अधिक वर्षं माहीत असलेली ही गोष्ट प्रेमापोटी नाकारण्यात शहाणपण नाही. फुप्फुसांची चाचणी करून घ्यावी, पंप लागला तर तो लाज न बाळगता रोज घ्यावा. सगळे उपाय आणि औषधं नीट घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, किंवा घरातल्या मुलाला मांजरामुळे वारंवार दम्याचे झटके येत असतील, तर मांजराला दुसरं घर शोधून द्यायलाच हवं. तिथे भावनेला वाव नाही. असा निर्णय घेणाऱ्याला ‘तुमचं प्रेमच नव्हतं’ असं सुनावणारे प्राणिप्रेमी अन्याय करतात.

पण दुसरं घर शोधून देणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून दान द्यावं लागतं, असं मानणाऱ्या आपल्या समाजाने मारण्याला सोपी पळवाट शोधली आहे: पोत्यात घालून लांब नेऊन सोडायचं, बहुतेकदा मासळी बाजारात. ‘तिथे खायला मिळतं’ हे त्याचं समर्थन. जन्मभर फ्लॅटमध्ये, वाडग्यातलं खाऊन वाढलेल्या मांजराला तिथे खायला मिळत नाही. तिथली मांजरं त्याला जवळ येऊ देत नाहीत, कुत्री मागे लागतात, रस्ता ओलांडायची त्याला सवय नसते. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने प्राण्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला कारणाशिवाय सोडून देणं हा गुन्हा आहे. त्याला पहिल्या वेळी दंड आहे दहा ते पन्नास रुपये. साठ वर्षांहून जुना हा दंड वाढवण्याची मागणी जितक्या लवकर मान्य होईल तितकं बरं. तोवर ही जबाबदारी कायद्याच्या धाकावर सोडून चालणार नाही.

म्हणून मांजर असलेल्या आणि काही महिन्यांपासून सकाळी शिंकत उठणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती आहे. डॉक्टरांपासून मांजर लपवू नका. ते कुठे झोपतं हेही सांगा. चाचणी मागा. आज रात्री बेडरूमचं दार बंद करा. आणि तपासणीअंती मांजर द्यावंच लागलं, तर नवं घर स्वतः जाऊन पाहा, आधी नसबंदी आणि लस पूर्ण करा, त्याचं नेहमीचं खाणं, भांडं आणि अंथरूण बरोबर द्या, आणि नव्या माणसांना सांगून ठेवा की जमलं नाही तर त्यांनी ते रस्त्यावर न सोडता तुम्हालाच फोन करावा.